परसातल्या पक्ष्यांचा इतिहास

रोटोटुनात मागच्या अंगणात बर्ड फीडर टांगून पाव किंवा दाणे ठेवले, की पहिली हजेरी बहुधा चिमण्या आणि साळुंक्या लावतात. आपल्याला बरे वाटते. ओळखीचे कोणी तरी भेटले! पण त्यांचे फोटो काढताना मला प्रश्न पडला, की ही मंडळी इथे आली कशी?

उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडते. जंगल तोडून शेती झाली, पिकांवर अळ्या पडू लागल्या. त्या खाण्यासाठी वसाहतीतल्या गोऱ्यांनी १८६०च्या दशकात इंग्लंडहून चिमण्या आणल्या आणि १८७०च्या दशकात साळुंक्या. चिमण्यांनी अळ्यांबरोबर धान्यही फस्त केले, तेव्हा १८८२ मध्ये त्यांच्या बंदोबस्तासाठी ‘स्मॉल बर्ड्स न्यूसन्स ॲक्ट’ करावा लागला. साळुंकी दक्षिण बेटावर टिकली नाही; उत्तर बेटावर मात्र तिने बस्तान बसवले.

ताऊहोऊची गोष्ट वेगळी. हिरवट अंगाचा, डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला हा चिमुकला पक्षी म्हणजे आपल्या चष्मेवाल्याचा भाऊबंद. १८५६ मध्ये त्याचे थवेच्या थवे ऑस्ट्रेलियाकडून समुद्र ओलांडून आले. माओरी भाषेत ‘ताऊहोऊ’ म्हणजे परका, नवखा. नाव तेच राहिले, पण स्वतःच्या पंखांनी आला म्हणून आज त्याची गणना देशी पक्ष्यांत होते.

तुई मात्र इथला मूळ रहिवासी. त्याची अंडी-पिल्ले उंदीर आणि फरसाठी ऑस्ट्रेलियाहून आणलेले पॉसम खात. त्यामुळे हॅमिल्टन शहरात तो क्वचितच दिसे. वायकाटो विभागीय परिषदेने २००७ मध्ये ‘हॅमिल्टन हेलो’ प्रकल्प सुरू करून आसपासच्या रानांतले हे शत्रू आवरले, आणि तुई शहरात परतू लागला.

मग फीडरमध्ये काय ठेवावे? ऑकलंड विद्यापीठातील संशोधकांनी बागांमध्ये पाव आणि दाणे ठेवून पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की अशा बागांत बाहेरून आणलेल्या चिमण्या आणि होले वाढले, तर कीटक खाणारा देशी ग्रे वॉर्बलर कमी झाला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर जसे इनपुट तसे आउटपुट! तुई आणि ताऊहोऊ साखरपाण्यावर येतात. भांडे मात्र रोज स्वच्छ धुवावे. त्याहून उत्तम म्हणजे कोफाय आणि हाराकेके ही देशी झाडे लावावीत. फोटोलाही तीच सोयीची. सावलीत काळाकुट्ट दिसणारा तुई सकाळच्या तिरप्या उन्हात फुलावर बसला, की निळा, हिरवा, तांबूस असा झळाळतो.

साळुंकीला हाकलून द्यावे असे मी म्हणत नाही. तिला पिंजऱ्यात घालून आणले, यात तिचा काय दोष? पण दीडशे वर्षांपूर्वी कोणते पक्षी इथे यावेत हे काही माणसांनी ठरवले. आज आपल्या परसापुरते ते आपण ठरवतो. म्हणून उरलेली पोळी फीडरवर टाकण्याआधी, वाचकहो, क्षणभर विचार करावा एवढेच.