मुहूर्त, बोलावणे आणि घड्याळ : मराठी लग्नसमारंभातील पाहुण्यांच्या आगमनवेळेचा इतिहास

प्रस्तावना

मराठी लग्नपत्रिकेवर विवाहाचा मुहूर्त मिनिटांसह छापलेला असतो. 'दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांनी' अशी नेमकी वेळ देणारी दुसरी निमंत्रणपत्रिका समाजव्यवहारात क्वचितच आढळेल. तरीही त्या मिनिटाला सर्व निमंत्रित मांडवात हजर असावेत, अशी अपेक्षा यजमानालाही नसते. जवळचे नातेवाईक आदल्या दिवशी येतात, काही मंडळी अक्षता टाकण्यापुरती येतात, तर काही थेट जेवणाच्या वेळी पोहोचतात. या विसंगतीचे स्पष्टीकरण सामान्यतः 'भारतीय माणसाला वेळेची किंमत नाही' या एका वाक्यात दिले जाते. हे स्पष्टीकरण सोपे असले तरी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

प्रस्तुत लेखात मराठी लग्नसमारंभातील पाहुण्यांच्या आगमनवेळेच्या संकेतांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. पाहुण्याने केव्हा यावे, हे ठरविण्याची आणि त्याला वेळेवर आणण्याची जबाबदारी पूर्वी यजमानाकडे होती. घड्याळ, छापील पत्रिका आणि भाड्याचे कार्यालय यांच्या प्रसाराबरोबर ती पाहुण्याकडे सरकली, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे. या स्थित्यंतराबरोबरच समारंभात कोणी कोणासाठी थांबावयाचे, हा प्रश्नही निगडित आहे.

घटिका कोणासाठी?

पारंपरिक कालगणनेत अहोरात्राच्या ६० घटिका होतात. एक घटिका २४ मिनिटांची आणि एका घटिकेची ६० पळे. ही घटिका मोजण्यासाठी तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात सोडली जाई. वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली. सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून किती घटिका उलटल्या, यावर लग्नाची वेळ साधली जाई. घटिकापात्रावर नजर ठेवणे हे जोश्याचे जबाबदारीचे काम होते.

या व्यवस्थेत वेळेचे बंधन अत्यंत कडक होते. वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला असे, मंगलाष्टके चालू असत आणि घटिका भरताच अंतरपाट दूर होऊन अक्षता पडत व वाजंत्री वाजू लागे. 'सावधान' हा शब्द त्या क्षणाचीच सूचना देतो. तो शब्द ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

मात्र हे बंधन वधूवर, त्यांचे आईवडील आणि पुरोहित यांच्यावर होते. पाहुणा उशिरा आल्याने मुहूर्त टळत नसे. मुलगी मांडवात यावयास उशीर झाला तर तो टळे. म्हणजेच ज्या समाजावर वेळेच्या बेपर्वाईचा आरोप केला जातो, त्याच समाजाने एक अत्यंत काटेकोर वेळ पाळली. फक्त ती वेळ निमंत्रितांच्या आगमनाची नव्हती. निमंत्रितांसाठी वेळेच्या खुणा वेगळ्या होत्या. गुरे रानातून परतताना उडणाऱ्या धुळीवरून ओळखला जाणारा गोरज मुहूर्त हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ही वेळ पंचांग न पाहताही गावातील प्रत्येकाला कळत असे.

बोलावण्याची जबाबदारी

पाहुण्याला वेळेवर आणण्यासाठी मराठी समाजाने बोलावण्याची एक शिस्तबद्ध रीत घडविली होती. पहिले निमंत्रण ग्रामदैवताला व कुलदैवताला अक्षत देऊन होई. पुण्यात हा मान कसबा गणपतीचा आहे. त्यानंतर घरोघर अक्षत फिरे. ग्रामीण भागात आवतणाचे प्रकारही निश्चित होते. 'घरटी एक' म्हणजे घरातील एका व्यक्तीला आणि 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी चूलच पेटू नये असे सबंध घराला आमंत्रण. निमंत्रणाची व्याप्ती अशी स्पष्ट असे. तासाचा उल्लेख मात्र त्यात नसे.

तो उल्लेख आवश्यकही नव्हता, कारण प्रत्यक्ष वेळी पुन्हा बोलावणे येत असे. स्वयंपाक तयार होऊन पाने मांडली की घरातला मुलगा किंवा गडी 'पाने मांडली आहेत, चलावे' असे सांगत घरोघर जाई. हे दुसरे बोलावणे येण्यापूर्वी जेवावयास जाणे उतावळेपणाचे समजले जाई आणि ते न आल्यास पाहुण्याने रुसण्यास पुरेसे कारण मिळे. 'आमंत्रण होते, पण बोलावणे आले नाही' ही तक्रार यजमानाच्या दृष्टीने गंभीर होती. आज उशिरा येणारा पाहुणा दोषी ठरतो; त्या काळी बोलवायला विसरलेला यजमान दोषी ठरत असे.

हाच नियम लग्नातील मोठ्या विधींतही दिसतो. वरपक्ष गावाच्या शिवेवर आला की वधूपक्षाने सामोरे जाऊन सीमांतपूजन करावयाचे, त्याला जानवसघरी उतरवून घ्यावयाचे आणि लग्नवेळ जवळ आली की पुन्हा सन्मानाने मांडवात आणावयाचे. आगमनाच्या प्रत्येक टप्प्यावर यजमानाने पुढे व्हावे, असा हा संकेत होता. १७८३ मध्ये पुण्यात झालेल्या सवाई माधवराव पेशव्यांच्या विवाहात नाना फडणिसांनी व्यवस्थेकडे जातीने लक्ष पुरविले. दरबारी समारंभात कोणत्या पाहुण्याला कोणी आणि किती अंतरावर सामोरे जावे, यावर त्याचा मान मोजला जात असे.

स्त्रियांच्या समारंभात या संकेताला आणखी एक रूप होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाला ठरावीक घटका नसे. घरकाम उरकून, तिन्हीसांजेच्या सुमारास सवडीने यावे, वाण घेऊन निघावे, अशी पद्धत होती. यजमानीण संध्याकाळभर घरात थांबे आणि पाहुण्या येत-जात राहत. आगमनाची ही सैल वेळ स्त्रियांच्या श्रमाची दखल घेणारी होती. तथापि विधवांना या बोलावण्यातून वगळले जाई, हेही विसरता येत नाही.

पंगतीबाहेर थांबलेले

बोलावण्याच्या या व्यवस्थेचे केवळ गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. तिचा पाया जातिव्यवस्थेत होता. बलुतेदारीत आवतण पोहोचविणे, दिवट्या धरणे, पत्रावळी पुरविणे, निरोप घेऊन परगावी जाणे ही कामे जातीनुसार वाटलेली होती. निरोपाची पायपीट ज्या महार समाजाच्या वाट्याला येई, त्याला पंगतीत स्थान नव्हते. सर्वांची जेवणे उरकेपर्यंत मांडवाबाहेर थांबावे आणि उरलेसुरले न्यावे, ही त्याच्यासाठी ठरलेली 'वेळ' होती. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडून देण्याचे जे आवाहन केले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. अन्नाच्या प्रश्नाइतकाच तो दुसऱ्याच्या दारात तिष्ठत राहण्याच्या सक्तीचा प्रश्न होता. घरातील स्त्रियाही बहुधा शेवटच्या पंगतीला बसत. पाहुण्यांची सोय ही अशा प्रकारे इतरांच्या प्रतीक्षेवर उभी होती.

वेळ ठरविण्याच्या अधिकारालाही आव्हान मिळाले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लावण्यास प्रारंभ केला. त्यावर ग्रामजोश्यांनी आपल्या वतनी हक्काचा भंग झाला म्हणून न्यायालयात दावे केले. लग्न लावण्याचा आणि त्याची घटिका सांगण्याचा अधिकार हा उत्पन्नाचा हक्क होता, हे या दाव्यांमुळे उघड झाले.

मुंबईतील दोन वेळा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि पाहुण्यासाठी न थांबणाऱ्या वाहनाचा परिचय मराठी समाजाला झाला. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. १८८१ च्या डिसेंबरपासून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कामकाजासाठी मद्रास वेळ लागू केली. परंतु लोकांच्या विरोधामुळे १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. त्या महिन्यात काही गिरण्यांतील कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले, कारण घड्याळ पुढे सरकले म्हणजे त्यांना पहाटे तितकेच लवकर कामावर हजर व्हावे लागणार होते. मुंबई महापालिकेने तर १९५५ पर्यंत मुंबई वेळ टिकवून ठेवली. सुमारे अर्धशतकभर या शहरात दोन वेळा एकाच वेळी नांदत होत्या.

याचा निमंत्रितांवर होणारा परिणाम सहज लक्षात येईल. प्रमाणवेळेनुसार दुपारी १२ वाजताचा मुहूर्त म्हणजे मुंबई वेळेनुसार ११ वाजून २१ मिनिटे. मुंबई वेळेवर विसंबून बरोबर बारा वाजता आलेला पाहुणा अक्षता पडून ३९ मिनिटे झाल्यावर पोहोचणार. त्याची स्थिती 'वरातीमागून घोडे' अशी होणार, आणि तरीही स्वतःच्या घड्याळाप्रमाणे तो अगदी वेळेवर आलेला असणार. पत्रिका व पंचांगे यांत 'स्टँ. टा.' हा संक्षेप रूढ झाला, त्यामागे हीच गरज होती. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात प्रमाणवेळ एक तास पुढे करण्यात आली, तेव्हा या गोंधळात आणखी भर पडली.

प्रमाणवेळेमुळे मुहूर्ताचे स्थानिक स्वरूपही बदलले. मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्योदयात केवळ रेखांशामुळे सुमारे २५ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ एका घटिकेचा फरक पडतो. घटिकापात्र त्या त्या गावच्या सूर्यावर चालत असल्याने पूर्वी हा प्रश्न उद्भवत नव्हता. छापील पंचांगातील तास-मिनिटांना मात्र गावानुसार संस्कार द्यावा लागू लागला. १९१६ मध्ये सोलापूरहून सुरू झालेले दाते पंचांग आणि १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले 'कालनिर्णय' यांनी हे गणित घरोघर पोहोचविले. जोश्याच्या हातातील घटिका आता भिंतीवर आली.

पत्रिका, कार्यालय आणि स्वागत समारंभ

शहरात नातेवाईक विखुरले, अंतरे वाढली आणि ऐनवेळी घरोघर बोलावणे पाठविणे अशक्य झाले. दुसऱ्या बोलावण्याचे काम छापील पत्रिकेतील वेळेने स्वीकारले. लग्न घरच्या अंगणातून मंगल कार्यालयात गेल्यावर यजमान स्वतःच वेळेचा बांधील झाला. कार्यालय ठरावीक तासांपुरतेच त्याच्या ताब्यात असे. पाहुण्याचा उशीर आता यजमानाच्या खर्चाशी जोडला गेला.

यावर तोडगा म्हणून सायंकाळचा स्वागत समारंभ रूढ झाला. '६ ते ९' अशी मुदत देऊन पाहुण्याला त्या अवधीत केव्हाही येण्याची मुभा मिळाली. या पद्धतीवर पाश्चात्त्य प्रभाव निःसंशय आहे. परंतु येत-जात राहणाऱ्या पाहुण्यांचा संकेत हळदीकुंकवामुळे मराठी घरांना आधीच परिचित होता. उभ्याने जेवण्याच्या पद्धतीमुळे पंगत भरेपर्यंत थांबण्याचे कारण उरले नाही आणि पंगतीतील जातिनिहाय क्रमही निदान अशा समारंभापुरता मोडला. तिष्ठत राहण्याचे काम मात्र संपले नाही. ते व्यासपीठावर तीन तास उभ्या असलेल्या वधूवरांकडे आणि भेटीसाठी रांगेत उभ्या पाहुण्यांकडे आले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, मराठी समाजात वेळेची शिस्त नव्हती हे विधान चुकीचे आहे. मुहूर्ताची शिस्त होती, पण ती पाहुण्यांसाठी नव्हती. पाहुण्यांसाठी बोलावण्याची शिस्त होती, पण ती यजमानाने पाळावयाची होती. पत्रिकेतील तास-मिनिटांनी या दोन शिस्ती एकाच ओळीत आणल्या. मुहूर्ताची वेळ हीच आगमनाची वेळ समजली जाऊ लागली आणि बोलावण्याची जुनी जबाबदारी नाहीशी झाली. आजचा पाहुणा उशिरा येतो, तेव्हा त्यात केवळ आळस पाहणे अपुरे ठरते. कोणीतरी बोलवावयास येईल या जुन्या संकेताचा अवशेषही त्यात आहे.

तथापि तो संकेत जसाच्या तसा परत आणावा, असे म्हणता येणार नाही. त्यात अगत्य होते, तशीच विषमताही होती. घड्याळाने अगत्य कमी केले, परंतु मांडवाबाहेर तिष्ठणाऱ्याला इतरांसारखीच वेळ सांगण्याची शक्यताही निर्माण केली. एखाद्या समारंभाची सभ्यता पाहुणे किती वाजता आले यापेक्षा तेथे कोणाला आणि किती वेळ थांबावे लागले, यावरून जोखणे अधिक न्याय्य ठरेल.