क्नाउस सागरी धोरण फेलोशिप

समुद्र, किनारपट्टी व ग्रेट लेक्स सरोवरे या विषयांत रस असलेल्या, अमेरिकी विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मानधन देऊन वर्षभर वॉशिंग्टनमधील संघराज्य सरकारात कामाला लावणारी फेलोशिप. प्रारंभ १९७९. अमेरिकेचे राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासन (नोआ) आपल्या ‘सी ग्रँट’ कार्यक्रमातून ती चालवते.

सी ग्रँटची कल्पना १९६३ मध्ये समुद्रवैज्ञानिक ॲथेलस्टन स्पिलहाउस यांनी मांडली. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेतकी व तांत्रिक महाविद्यालये उभी राहिली. त्यांचे ज्ञान पुढे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत गेले. तसेच काही मच्छीमारांसाठी व किनाऱ्यासाठी व्हावे, असा स्पिलहाउस यांचा आग्रह होता. ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान संस्थेचे डीन जॉन क्नाउस यांनी ही कल्पना उचलून धरली. १९६५ मध्ये न्यूपोर्ट येथे तिच्यावर परिषद झाली, सिनेटर क्लेबोर्न पेल यांनी विधेयक पुढे नेले आणि १९६६ मध्ये कायदा झाला. पुढे सी ग्रँट नव्याने स्थापन झालेल्या नोआकडे आला.

फेलोशिपला ज्यांचे नाव आहे ते क्नाउस (१९२५–२०१५) मुळात प्रवाहांचे अभ्यासक. पॅसिफिक महासागरात विषुववृत्तावर पृष्ठभागाखालून पूर्वेकडे वाहणाऱ्या क्रॉमवेल प्रवाहाची पद्धतशीर मोजणी त्यांनी १९५८ मध्ये केली. पुढे ते देशाच्या सागरी धोरणाचा विचार करणाऱ्या स्ट्रॅटन आयोगाचे सदस्य झाले. या आयोगाने १९६९ मध्ये अहवाल दिला आणि त्यातूनच १९७० मध्ये नोआची, तर १९७२ मध्ये किनारपट्टी व्यवस्थापन कायद्याची वाट मोकळी झाली. १९८९ ते १९९३ या काळात क्नाउस स्वतः नोआचे प्रमुख होते. प्रवाह मोजणारा माणूस कायद्याच्या मसुद्यावरही अधिकाराने बोलू शकतो, हे त्यांनी आपल्या आयुष्यात दाखवले. त्यामुळे त्यांचे नाव या फेलोशिपला शोभते.

फेलोशिप सत्तरच्या दशकाच्या अखेरीस का निघाली, हे त्या दशकातील कायदे पाहिले की कळते. सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ चा. १९७६ च्या मासेमारी कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतची मासेमारी अमेरिकेच्या नियंत्रणाखाली आणली, प्रादेशिक परिषदा नेमल्या आणि उपलब्ध असलेल्या उत्तमोत्तम वैज्ञानिक माहितीच्या आधारेच निर्णय घेण्याचे बंधन घातले. हे बंधन पाळायचे तर माशांच्या साठ्याचे अंदाज वाचता येणारी आणि त्यांतील अनिश्चितता लोकप्रतिनिधीला चार ओळींत समजावून सांगणारी माणसे कचेऱ्यांत हवीत. विद्यापीठे वैज्ञानिक घडवत होती, पण ही दुसरी कला शिकवण्याची सोय त्यांच्याकडे जवळपास नव्हती. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) या फेलोशिपला सी ग्रँट कायद्यातच स्थान दिले.

अर्ज राज्याच्या सी ग्रँट कार्यक्रमामार्फत करावा लागतो. निवडलेले उमेदवार शरद ऋतूत मुलाखतींसाठी एकत्र येतात. कचेऱ्या त्यांना पारखतात आणि तेही कचेऱ्यांना पारखतात. दोन वाटा आहेत. काही फेलो काँग्रेस सदस्यांच्या किंवा समित्यांच्या कचेऱ्यांत जातात. बहुसंख्य नोआ, नौदल, अंतर्गत व्यवहार खाते, नॅशनल सायन्स फाउंडेशन अशा कार्यकारी यंत्रणांत जातात. काँग्रेसमधील फेलो समितीच्या सुनावणीसाठी प्रश्न तयार करतो, टिपणे लिहितो, विधेयकाच्या मसुद्यावर मतदारसंघातील मच्छीमार, बंदरे आणि पर्यावरण संघटना यांचे म्हणणे ऐकतो. प्रबंधासाठी एका प्रश्नावर चार-पाच वर्षे घालवलेल्या माणसाला इथे दुपारपर्यंत एक पान द्यावे लागते, आणि त्या पानावर कोणीतरी मत देणार असते. या शिक्षणाला वर्गातला पर्याय नाही.

मानधन ही या फेलोशिपची सर्वांत महत्त्वाची अट मानली पाहिजे. वॉशिंग्टन महागडे शहर आहे आणि तेथील कचेऱ्यांत विनावेतन उमेदवारी करण्याची प्रथा दीर्घकाळ होती. फुकट काम करणे फक्त सुस्थितीतल्या घरच्या मुलांना परवडते. समुद्रावर पोट असलेल्या गावातून शिकून आलेल्या मुलाला ते दार बंदच राहते. सरकारी टेबलावर मासेमारीचा विषय येतो तेव्हा नेमका तोच माणूस तिथे नसावा, यात साऱ्या समाजाचेच नुकसान आहे. फेलोशिपचे पैसे राज्याच्या सी ग्रँट कार्यक्रमामार्फत मिळतात आणि फेलो सरकारी नोकर ठरत नाही. कार्यकारी शाखेत खर्चाचा भार यजमान कचेरी उचलते. त्यामुळे खात्यांच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली की जागांनाही लागते. या रचनेचा हा कच्चा दुवा आहे.

वर्ष संपल्यावर बरेच जण वॉशिंग्टनमध्येच राहतात. काही संशोधनाकडे किंवा आपल्या राज्यात परततात. कॅलिफोर्नियाच्या सी ग्रँटने याच धर्तीवर राज्य सरकारच्या यंत्रणांसाठी स्वतंत्र, मानधन देणारी फेलोशिप चालवली आहे. किनाऱ्यावरील बांधकामाच्या परवान्यांचा निर्णय जिथे प्रत्यक्ष होतो, त्या राज्य किनारा आयोगातही तिचे फेलो काम करतात.