क्लायमॅक्स लॉरेन्स : आपल्याच वयाचा एक मध्यरक्षक

स्मरणिकेसाठी "शाळेच्या आठवणी सोडून काहीतरी लिही, आठवणींचे अकरा लेख आधीच आलेत" असा संपादक मंडळाचा निरोप आला, म्हणून हा फुटबॉलच्या इतिहासाचा लेख. इतिहासाच्या बाई वाचणार आहेत, तेव्हा सनावळ्या दोनदा तपासून घेतल्या आहेत.

ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्या क्लायमॅक्स लॉरेन्सचा जन्म १९७९ चा, गोव्यातला. म्हणजे एखादं वर्ष इकडेतिकडे धरलं तर आपल्याच १९९५ च्या दहावीच्या बॅचचा. महाडवरून पोलादपूरकडे आणि पुढे कशेडी घाटात चढणारा आपला महामार्ग ज्या दोन टोकांना जोडतो, त्या दोन्ही टोकांना फुटबॉल होता. मुंबईला कूपरेजचं मैदान, गोव्यात मडगावचं फातोर्डा. मधे आपण. मुलगे कबड्डी आणि क्रिकेटला, आम्ही मुली खो-खोला. फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की काढायची वस्तू, आणि त्यात नियम एकच, चेंडूला लाथ बसली पाहिजे.

त्या दोन टोकांवरही फुटबॉलवर पोट भरणं तेव्हा सरळ नव्हतं. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया असे कंपन्यांचे संघ असत. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळे, आणि घर चाले ते बहुतेक त्या नोकरीवर. देशभरच्या क्लबांची साखळी स्पर्धा म्हणून राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली ती १९९६ मध्ये, आपण अकरावी-बारावीत असताना. पहिलं विजेतेपद पंजाबच्या जेसीटीने घेतलं आणि १९९८-९९ मध्ये साळगावकरने ते पहिल्यांदा गोव्यात आणलं. "खेळाडू हाच माझा धंदा" असं वीस वर्षांच्या मुलाला म्हणता येण्याची ही सुरुवात होती, आणि ती नेमकी आपल्या वयाच्या मुलांच्या वाट्याला आली. आपण इंजिनिअरिंगचे फॉर्म भरत होतो तेव्हा गोव्यातल्या या मुलांपुढे हा दुसरा रस्ता उघडत होता.

क्लायमॅक्सची जागा मधल्या फळीत, तीही मागच्या बाजूला, बचावफळीच्या पुढ्यात. या जागेचं काम लिहून सांगायला अवघड आहे. समोरच्याचा पास मधेच अडवायचा, चेंडू काढून घ्यायचा, जवळच्या आपल्या माणसाला साधा पास द्यायचा आणि पुन्हा मोकळी जागा भरायला धावायचं. धावफलकावर यातलं काही येत नाही. आमच्या क्षेत्रात रात्री सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं असंच असतं, सगळं सुरळीत चाललं की त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. आज सामन्यातल्या प्रत्येक स्पर्शाची नोंद होते. त्याच्या उमेदीच्या काळात भारतात तशा नोंदी ठेवण्याची पद्धत रुळलेली नव्हती, त्यामुळे त्याने किती चेंडू हिसकावले हे आता कुणालाच मोजता येणार नाही. इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती उरतात ती विजेतेपदं.

ती मात्र भरपूर आहेत. त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग देम्पो क्लबात गेला. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली देम्पोने २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग जिंकली, मग तिचं आय-लीग असं नामकरण झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. गोल करायला पुढे रँटी मार्टिन्स आणि बेटो, मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मधे क्लिफर्ड मिरांडा आणि क्लायमॅक्स. भारताने नेहरू चषक २००७ आणि २००९ मध्ये जिंकला, त्या संघांतही तो होता.

आणि एक गोल. ३० जुलै २००८, हैदराबाद, एएफसी चॅलेंज कप, भारताचा पहिला सामना अफगाणिस्तानशी. नव्वद मिनिटं संपली तरी शून्य-शून्य. भरपाई वेळेत गोल झाला आणि तो केला या मागे राहणाऱ्या माणसाने. पुढे ताजिकिस्तानशी १-१, तुर्कमेनिस्तानवर २-१, उपांत्य फेरीत म्यानमारवर १-०, आणि १३ ऑगस्टला दिल्लीत अंतिम सामन्यात ताजिकिस्तानवर ४-१, त्यात सुनील छेत्रीचे तीन. त्या कपाच्या विजेत्याला आशियाई चषकात थेट प्रवेश होता, जिथे भारत १९८४ नंतर पोचलाच नव्हता. सगळ्यांना छेत्रीची हॅटट्रिक आठवते, आणि ती आठवावीच.

पण गटाचं गणित मांडून पाहा (सवय जात नाही). पहिला सामना बरोबरीत सुटला असता तरी आपण पुढे गेलो असतो, पण गटात दुसरे. ताजिकिस्तानचा गोलफरक आपल्यापेक्षा चांगला होता. मग उपांत्य फेरीत म्यानमारऐवजी उत्तर कोरिया समोर आला असता, ज्या देशाने दोनच वर्षांनी वर्ल्ड कप खेळला. त्या एका गोलाने आपली वाट बदलली, एवढं मी ठामपणे म्हणेन.

जानेवारी २०११ मध्ये दोहाला संघ गेला. ऑस्ट्रेलियाने ४-०, बहारीनने ५-२ आणि दक्षिण कोरियाने ४-१ ने हरवलं. आकडे वाईट आहेत. बत्तीस वर्षांचा क्लायमॅक्स त्या संघात होता. बचावफळीच्या पुढे उभं राहणाऱ्याची अशा सामन्यांत किती दमछाक होत असेल, याची कल्पना टीव्हीसमोर बसून येत नाही.

मैदान तेव्हा दुसरीकडूनही खचत होतं. महामार्गाच्या मुंबईच्या टोकाला महिंद्र युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता संघ, २०१० मध्ये कंपनीने बंदच केला. संघ वाईट खेळत होता म्हणून नव्हे. आपल्या एमआयडीसीत कंपनी बंद पडली की गावात काय होतं ते आपण सगळ्यांनी जवळून पाहिलंय. खेळाडूचं त्याहून कठीण, कारण तिशीनंतर त्याला दुसऱ्या गेटवर कुणी उभं करत नाही. गोव्याच्या टोकाला देम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी २०१६ मध्ये महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन आय-लीग सोडली. पाच वेळचा विजेता क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून स्वतःहून बाहेर पडला. ज्या पिढीसाठी हा रस्ता उघडला, तिच्या डोळ्यांदेखत त्यावरची मुक्कामाची ठिकाणं एकेक करून मिटली.

सप्टेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीत सहा माजी खेळाडू घेतले गेले. बायचुंग भुतिया, आय. एम. विजयन, शब्बीर अली अशा नावांमध्ये क्लायमॅक्स लॉरेन्सचंही नाव होतं. देम्पो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. महिंद्र युनायटेड परतलेला नाही.