बदलापूर–अंबरनाथ–उल्हासनगर : पावसाळी सहलीचा पट्टा

ठाणे जिल्ह्यातील सलग नागरी पट्टा. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि वांगणी ही स्थानके ओळीने लागतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किमी. आणि बदलापूर सुमारे ६८ किमी. अंतरावर आहे. उल्हासनगरला १९९६ पासून महानगरपालिका आहे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथे नगरपरिषदा आहेत. कारखाने, निर्वासितांच्या वसाहती आणि पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार वर्ग अशी या पट्ट्याची ओळख. मात्र जून ते सप्टेंबर हा मुंबई-ठाण्याच्या सामान्य माणसाचा सुटीचा मुलूख होतो. हॉटेलाचे आगाऊ आरक्षण नाही, विमानाचे तिकीट नाही. लोकलचा पास किंवा परतीचे तिकीट, पिशवीत कपड्यांचा एक जादा जोड, एवढ्यावर सहल होते.

जगातल्या प्रसिद्ध सुटीच्या ठिकाणांशी ताडून पाहिले की इथला वेगळेपणा लक्षात येतो. माल्टा किंवा मायोर्का यांसारख्या भूमध्य समुद्रातील बेटांवर गर्दी उसळते ती कोरड्या, लख्ख उन्हाळ्यात. पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो आणि तेव्हा किनारे ओस असतात. माल्टात तर पिण्याचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे पाणी गोडे करून मिळवावे लागते. बदलापूरकडे सारे उलटे. इथे लोक पावसासाठी येतात, आणि ज्या पाण्यात ते डुंबतात तेच पुढे लाखो घरांच्या नळांना जाते. या पट्ट्यातील पर्यटनाची मौज, अडचण आणि धोका या एकाच गोष्टीतून निघतात.

भूरचना : लोहमार्गाच्या एका अंगाला माथेरान–मलंगगडाची डोंगररांग आहे. चंदेरी, म्हसमाळ, नाखिंद, तावली ही तिची ठळक शिखरे. दुसऱ्या अंगाला उल्हास नदी वाहते आणि तिच्यापलीकडे बारवीचे खोरे पसरले आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्याजवळ उगम पावणारी उल्हास कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करीत कल्याणकडे जाते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. अरबी समुद्रावरून आलेले ढग डोंगररांगेला अडले की उतारावरच्या घळी दोन-चार दिवसांत वाहू लागतात. मे महिन्यात करपलेला डोंगर जुलैत ओळखू येत नाही.

कोंडेश्वर : सहलीचे सर्वांत गजबजलेले ठिकाण. बदलापूर पूर्वेकडून खरवई, भोज या वाटेने तिथे जाता येते. शंकराचे देऊळ, त्याला लागून वाहणारा ओढा, ओढ्याची खडकावरून पडणारी धार आणि खाली कुंड अशी रचना आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला भाविकांची रीघ लागते. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी तरुणांचे जथे येतात. जवळच भोज धरण आहे. वाटेवर भाजलेली कणसे, कांदाभजी आणि चहा मिळतो. आसपासच्या पाड्यांतील काही घरांतून आधी सांगून ठेवले तर तांदळाची भाकरी आणि चुलीवरचे कोंबडीचे कालवणही मिळते. या जेवणातून गावच्या बायकांच्या हाती थेट पैसा येतो, म्हणून त्याचे मोल एरवीच्या हॉटेलधंद्यापेक्षा अधिक मानले पाहिजे.

कोंडेश्वरची धार फार उंच नाही आणि फसगत तिथेच होते. वरून कुंड शांत दिसते. आत खडकांच्या कपारी आणि एकदम वाढणारी खोली आहे. डोंगरावर जोराची सर आली की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. येथे बुडून माणसे दगावली आहेत, आणि त्यांत पोहता येणारेही होते. त्यामुळे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि नदीकाठ येथे जमावबंदीचे आदेश काढते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघणारे हे आदेश २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश आवश्यक आहेत, पण पुरेसे नाहीत. रविवारी लोकलभर माणसे येणार हे ठाऊक असताना सुरक्षित उथळ जागा दोरीने आखून देणे, स्थानिक पोहणाऱ्या तरुणांना मानधनावर जीवरक्षक नेमणे, ओढ्याच्या वरच्या अंगाला पाण्यावर नजर ठेवून भोंगा वाजवणे ही कामे बंदीच्या फलकापेक्षा अधिक जीव वाचवतील.

उल्हास आणि बारवी : बदलापूरजवळ उल्हासवरील बंधाऱ्यातून (स्थानिक बोलीत ‘बॅरेज’) बदलापूर-अंबरनाथला पाणी पुरवले जाते. बारवी ही उल्हासची उपनदी. तिच्यावरील धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधले. ते १९७२ मध्ये पुरे झाले आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली गेली. ठाणे जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींबरोबर अनेक शहरांचाही या पाण्यावर भार आहे. त्यामुळे ‘बारवी भरले’ ही ऑगस्टमधील बातमी अर्ध्या जिल्ह्याला सुखावते. धरणाच्या भिंतीवर पर्यटकांना मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. बारवी रस्त्यावरील मुळगावच्या खंडोबाच्या टेकडीवरून मात्र पावसाळी मुलूख मनसोक्त पाहता येतो. या जलाशयासाठी मुरबाड तालुक्यातील गावे आणि पाडे उठले. सहलीच्या वर्णनांत त्यांचे नाव क्वचितच येते. पाणी पाहायला जाणाऱ्याने ते आठवणीत ठेवावे.

नदीचे दुसरे रूप २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा २०१९ मध्ये दिसले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी कित्येक तास डब्यांतच होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्करी दले आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून सर्वांना सुखरूप बाहेर काढले. नदीकाठी नवे बंगले, शेतघरे आणि इमारती उभारताना ही पूररेषा विसरली गेली, तर तेच पाणी पुढच्या वेळी घरांत शिरेल.

अंबरनाथचे शिवमंदिर : वालधुनी नदीकाठचे हे मंदिर शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलालेखामुळे नेमके कालबद्ध करता येते. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी माम्वाणी राजाच्या काळात ते पूर्ण झाले. काळ्या पाषाणातील हे भूमिज शैलीचे बांधकाम पश्चिमाभिमुख असून गर्भगृह सभामंडपाच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते. शिखर आज अपूर्ण आहे आणि गाभारा वरून आभाळाला उघडा आहे. बाहेरच्या भिंतींवरील नटराज, महिषासुरमर्दिनी, गजथर आणि सुरसुंदरी पाहायला पावसाळी दिवस उत्तम, कारण ओल्या दगडाची झीज-खाच उजळून दिसते. एकोणिसाव्या शतकात या शिल्पांचे साचे आणि रेखाटने मुंबईच्या कलाशाळेने करून घेतली होती. महाशिवरात्रीची जत्रा ही अंबरनाथची सर्वांत मोठी गर्दी. अलीकडच्या वर्षांत मंदिराच्या आवारात कलामहोत्सवही भरतो.

वालधुनी काकोळे भागातील डोंगरात उगम पावते. तिथला तलाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने बांधला. तो अजून ‘जीआयपी टँक’ या नावाने ओळखला जातो. उगमाशी निर्मळ असणारी ही नदी शहरातून जाताना सांडपाण्याने काळी पडते. हजार वर्षे जुने देऊळ जतन करायचे आणि त्याच्या पायाशी वाहणारी नदी गमवायची, ही या शहराची सर्वांत मोठी हानी आहे.

उल्हासनगर : दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी ‘उल्हासनगर’ हे नाव दिले गेले. सहलीला निघालेले लोक येथे कपड्यांसाठी आणि खाण्यासाठी उतरतात : दाल-पकवान, कोकी, साईभाजी, आणि पाहुण्यापुढे पाण्याबरोबर पापड ठेवण्याची रीत. जुलै-ऑगस्टमध्ये झुलेलालच्या उपासनेचे चाळीस दिवसांचे चालिहा व्रत असते. जलदेवतेची ही उपासना ऐन पावसाळ्यात येते आणि कॅम्प क्रमांक ५ मधील मंदिरात दूरदूरचे भाविक जमतात.

ऋतूचा बाजार : कल्याण–खोपोली लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून या भागातील रानमेव्याला मुंबईची वाट मोकळी झाली. मे अखेरीपासून बदलापूरचे टपोरे जांभूळ विकायला येते. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पहिल्या सरीबरोबर ठाकूर आणि कातकरी बाया स्थानकांबाहेर शेवळं, काकड, कुर्डू, टाकळा, भारंगी, कंटोळी मांडतात. शेवळं नीट उकडून, काकडाबरोबर शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते. भाजी देणारी बाई विचारणाऱ्याला ही कृती सांगते.

प्रवास : पावसाळ्यात मध्य रेल्वेची वाहतूक अतिवृष्टीत खंडित होते, म्हणून परतीला दुपारचीच गाडी धरावी. चंदेरीची चढण घसरडी असल्याने अनुभवी गिर्यारोहकांनीच, तेही पाऊस ओसरल्यावर, ती करावी. बदलापूर येथे उल्हासची इशारा पातळी १६.५० मी. आणि धोक्याची पातळी १७.५० मी. आहे. मुसळधार पावसात प्रशासन हे आकडे वेळोवेळी जाहीर करते. पाणी इशारा पातळीकडे सरकत असेल तर त्या दिवशी बदलापूरच्या पुढे जाऊ नये.