गाण्यांचा क्रम

गेल्या रामनवमीची गोष्ट आहे. माझी आई त्या दिवसांत दिल्लीला आमच्या सरकारी निवासस्थानी मुक्कामाला होती, आणि तिला गीतरामायण ऐकावयाचे होते. आमच्या लहानपणी घरी त्या गीतांच्या कॅसेटचा संच होता. वडिलांनी तो मोठ्या हौसेने आणला होता. त्यांच्या पश्चात तो कोणाकडे गेला, हे आम्हां भावंडांपैकी एकालाही सांगता येत नाही. मी आईला म्हटले, "कॅसेट आता कशाला हवी? छप्पनच्या छप्पन गाणी फोनवर आहेत." आणि फोन ध्वनिवर्धकाला जोडून मी वर्तमानपत्र उघडले. तीन-चार गाणी झाली असतील. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, राम अजून अयोध्येबाहेर पडला नाही, आणि तू रावण मारून मोकळाही झालास?"

गाणी कोणत्याही क्रमाने वाजवण्याची जी सोय त्या यंत्रात असते, ती चालू राहिली होती. मी हसलो. आई हसली नाही. "हे असते तर पहिल्यापासून लावले असते," एवढे बोलून ती आत गेली.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घोळत आहे. कलावंताने एका क्रमाने रचलेली गीते आरंभापासून शेवटापर्यंत ऐकावीत, की त्यांतील आपल्या आवडीची वेचून, दुसरीकडच्या चार गाण्यांशी त्यांची सांगड घालून आपली स्वतःची माळ करावी? आजच्या भाषेत सांगावयाचे तर आल्बम की प्लेलिस्ट? इंटरनेटवरून घरबसल्या गाणी मिळू लागल्यापासून हा वाद उत्पन्न झाला, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तो ध्वनिमुद्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे, आणि त्याचा निवाडा बहुतेक वेळा रसिकाने वा कलावंताने केलेला नसून यंत्राने केलेला आहे.

१९०२ च्या अखेरीस फ्रेड गायसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीच्या वतीने कलकत्त्यास येऊन दाखल झाला. तेथे त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. शिवाय गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगत, कारण तबकड्या छापण्यासाठी मूळ मुद्रणे जर्मनीत हानोव्हरला जात, आणि कोणती गायिका कोणती, हे तेथील कारागिरांना कळावयास हवे होते. ज्या कलेत एकेका स्वराची बढत करण्यास अर्धा तास पुरत नाही, तिला तीन मिनिटांत आवरावयाचे! पुष्कळांनी नाक मुरडले. पुष्कळ बुजुर्गांनी त्या कर्ण्यासमोर बसण्याचे नाकारले. परंतु जे बसले त्यांनी काही वेगळेच साधले. अब्दुल करीम खाँ यांच्या भैरवीची जुनी तबकडी ऐकताना हे थोडक्यात उरकलेले गाणे आहे, असे कोणास वाटते? तीन मिनिटांची ती मर्यादा म्हणजे निव्वळ संकट होते, असे मला म्हणवत नाही. दोह्याला जशी दोन ओळींची मर्यादा, तशीच ती होती.

पाश्चात्त्य संगीताची अडचण निराळी होती. त्यांच्या मोठ्या रचना लिहिलेल्या असतात; त्या आखूड करता येत नाहीत. म्हणून त्यांनी रचनेचेच तुकडे केले. बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली १९१३ मध्ये बेथोव्हेनची पाचवी सिंफनी मुद्रित केली, तिला तबकड्यांच्या आठ बाजू लागल्या. अशा तबकड्या ठेवण्यासाठी छायाचित्रांच्या वहीसारखी, जाड पुठ्ठ्याची, कप्पे असलेली बांधणी करीत, आणि म्हणून तिला आल्बम म्हणू लागले. आज ज्या शब्दाने अखंडतेचा बोध होतो, तो जन्मला तेव्हा तुकडे सांभाळणाऱ्या पुठ्ठ्याचे नाव होता.

पुढे आपोआप तबकडी बदलणारी यंत्रे निघाली. त्यांत तबकड्यांची चळत एका दांड्यावर रचीत आणि एक संपली की दुसरी तिच्यावर पडे; चळत संपली की ती सगळीच उचलून उलटी ठेवावयाची. या यंत्रांसाठी काढलेल्या चार तबकड्यांच्या संचात पहिल्या तबकडीच्या एका अंगास पहिला भाग आणि दुसऱ्या अंगास आठवा भाग असे. दुसरीवर दुसरा आणि सातवा. साधे यंत्र बाळगणाऱ्या गृहस्थाच्या हाती असा संच पडला, म्हणजे आरंभामागून एकदम शेवट ऐकण्याची पाळी त्याच्यावर येई. माझ्या आईची तक्रार तेव्हाही कोणी ना कोणी केली असेलच.

हे सर्व बदलले ते २१ जून १९४८ रोजी. त्या दिवशी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात कोलंबिया कंपनीने मिनिटास सव्वातेहतीसहून किंचित अधिक फेरे घेणारी दीर्घवादी तबकडी लोकांसमोर ठेवली. जुन्या तबकड्यांचा सुमारे आठ फूट उंचीचा ढीग आणि तेच संगीत सामावून घेणारी नव्या तबकड्यांची हातात मावेल एवढी चळत शेजारी शेजारी मांडली होती, असे सांगतात. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे! पुढच्याच वर्षी आर.सी.ए. या प्रतिस्पर्धी कंपनीने पंचेचाळीस फेऱ्यांची लहान तबकडी काढली; ती एकेका गाण्यासाठी होती. दोन-तीन वर्षे दोन्ही कंपन्यांत झुंज चालली आणि अखेर वाटणी झाली: लांब रचना मोठ्या तबकडीवर, सुटे लोकप्रिय गाणे लहान तबकडीवर. आजचा वाद त्या वाटणीतून नीट दोन ढिगांत पडलेला दिसतो.

आपल्याकडे या वीस मिनिटांचे मोल निराळे ठरले. १९५५ मध्ये अमेरिकेत अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची दीर्घवादी तबकडी निघाली. एका बाजूस एक राग, दुसऱ्या बाजूस दुसरा, आणि परक्या श्रोत्याला बिचकू न देण्यासाठी आरंभी येहुदी मेन्युहिन यांचे चार शब्द. उस्ताद अमीर खाँ यांच्या तबकडीवर एका अंगास मारवा आहे आणि दुसऱ्या अंगास दरबारी. मारवा हा सूर्यास्ताचा राग आणि दरबारी उत्तररात्रीकडे झुकलेला. तेव्हा तबकडी उलटी करण्यास लागणाऱ्या अर्ध्या मिनिटात संध्याकाळची मध्यरात्र होते. आज तेच दोन राग फोनवर दोन स्वतंत्र नोंदी म्हणून भेटतात आणि ते अर्धे मिनिट कोठेच नसते. माझे काही मित्र यास भावविवशता म्हणतात. म्हणोत बापडे.

क्रमाचा खरा विचार करून काढलेल्या भारतीय तबकडीचे नाव घ्यावयाचे तर १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'चे घ्यावे लागेल. ती ज्यांनी घडवून आणली ते जी. एन. जोशी एच.एम.व्ही.चे अधिकारी होते. मराठी श्रोते त्यांना ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गाणारे गायक म्हणून ओळखतात. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, एवढ्या सामग्रीवर काश्मीरच्या दरीतील मेंढपाळाचा एक दिवस उभा केला आहे. पहाटेच्या अहिरभैरवापासून तो रात्रीपर्यंत रागांच्या वेळेप्रमाणे पुढे सरकतो. रागसमयाचा जुना संकेत आणि तबकडीची नवी लांबी यांचा असा मेळ क्वचितच बसला असेल. त्यातील पहाडी तेवढी वेचून ऐकणाऱ्यास ती गोडच लागते. परंतु आपण दिवसभर चालून येथे पोहोचलो आहोत, हे त्यास कळण्याचा मार्ग नाही.

तथापि निवडीची बाजू हलकी समजू नये. या बाबतीत आपल्या देशात एक मोठा प्रयोग झाला आणि तो करणारे गृहस्थ मराठी होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्याच वर्षी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ज्यात एकाच कलावंताला निवांत, दीर्घ वेळ मिळू लागला. आणि त्याच वर्षी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. पहिल्या गोष्टीबद्दल देशाने केसकरांचे ऋणी राहावयास हवे. दुसरीचा परिणाम असा झाला की श्रोत्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. तेथे १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीला विविध भारती सुरू करून तीच गाणी परत आणावी लागली. पुढे झुमरीतिलैय्या नावाचे एक आडबाजूचे गाव केवळ फर्माइशीची पत्रे पाठवून देशभर प्रसिद्ध झाले! शासनाच्या सेवेत असल्यामुळे मी यातून एवढाच बोध घेतला आहे की अखंड काय ऐकावे, याचा हुकूम काढता येत नाही.

आणि खरे सांगावयाचे तर हिंदी चित्रपटाचे गाणे जन्मतःच सुटे असते. चित्रपटाच्या तबकडीवरील गाण्यांचा क्रम पुष्कळदा चित्रपटातल्या क्रमाशीही जुळत नाही. तेथे वेचून ऐकण्याने काही मोडत नाही. उलट माझ्या विद्यार्थिदशेत, १९९० नंतरच्या काळात, फुलस्केप कागदावर वीस गाण्यांची यादी लिहून कोऱ्या कॅसेटसह दुकानात नेऊन देत आणि आठ दिवसांनी भरलेली कॅसेट आणीत. ती यादी करण्यात जेवढा विचार होई, तेवढा आम्ही निबंधातही करीत नसू. कोणत्या गाण्यामागून कोणते शोभेल, पहिली बाजू कशावर संपावी, हे ठरवता ठरवता रात्र होई.

निवडीचे याहून मोठे उदाहरण पृथ्वीवर नाही. कारण ते पृथ्वीबाहेर आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. साऱ्या मानवजातीच्या संगीतातून सत्तावीस रचना, सुमारे नव्वद मिनिटे. त्यांत आपल्या गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे; तीही जुन्या तबकडीवरची, साडेतीन मिनिटांची. ती शेवटून तिसरी लागते. भैरवीने मैफल संपवण्याचा आपला संकेत कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजाणता का होईना, जवळजवळ पाळला. ही निवडच आहे. परंतु प्रत्येक रचनेच्या मागेपुढे काय यावे, यावर माणसांनी डोके झिजवले आहे.

यानंतरचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि काही वर्षांतच तिच्या यंत्रांवर क्रम मोडण्याचे बटण दिसू लागले. कॅसेट पुढे ढकलण्याच्या आळसामुळे तरी आपण न आवडणारे गाणे ऐकून घेत होतो. तोही आळस सुटला. २००३ पासून ॲपल कंपनी इंटरनेटवरून एकेक गाणे नव्व्याण्णव सेंटला विकू लागली. आता तर महिन्याकाठी थोडे पैसे भरले की साऱ्या जगाचे संगीत दारात उभे राहते. २०२१ मध्ये ॲडेल या इंग्रज गायिकेने आपला नवा आल्बम काढला तेव्हा आल्बमच्या पानावरील मुख्य बटणाने गाणी विस्कळीत क्रमाने लागू नयेत, असा आग्रह धरला, आणि स्पॉटिफाय कंपनीने ती व्यवस्था बदलली. कलावंताने यंत्राला क्रम पाळावयास लावल्याचा तो एक दुर्मीळ प्रसंग.

यंत्राची मर्यादा संपली, असे मात्र समजू नये. त्याच स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद ऐकले गेले की ते एकदा वाजले, असे मोजले जाते. तीन मिनिटांचे गीत आणि पन्नास मिनिटांचा ख्याल यांची गणती सारखीच, एक. मग रचनाकार मुखडा अगदी आरंभी आणतात, प्रस्तावनेचे सूर गाळतात. गौहरजान यांच्यापुढे तीन मिनिटांची भिंत होती. आजच्या गायकापुढे अर्ध्या मिनिटाचा उंबरठा आहे. शिवाय यादीही आता बहुधा आपण करीत नाही. मागे काय ऐकले याचा हिशेब मांडून यंत्रच पुढचे गाणे वाढते. फुलस्केप कागदावरची ती रात्र या व्यवहारात कोठेच बसत नाही, आणि मला खटकते ते हेच. आल्बमच्या मागे कोणी तरी असते, चांगल्या यादीच्या मागेही कोणी तरी असते. ज्या क्रमामागे कोणीच नाही, त्याला क्रम म्हणावे काय?

आता पुन्हा गीतरामायणाकडे येतो. ते १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने ग. दि. माडगूळकर आठवड्यास एक गीत लिहीत आणि सुधीर फडके त्यास चाल देत. योजना वर्षभराची, म्हणजे बावन्न गीतांची होती. त्या वर्षी अधिकमास आला, आणि पुढच्या रामनवमीपर्यंत छप्पन झाली. एका गीतानंतर पुढचे ऐकण्यास आठवडाभर थांबावे लागे. पहिल्या गीतात कुश-लव रामापुढे रामायण गातात. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या दोघां मुलांना रामायण गाण्यास पाठवतात. म्हणजे शेवट जेथे येतो, तेथून आरंभ होतो. मी ही गीते लहानपणापासून ऐकत आलो. पण आवडीची सात-आठच वेचून. हे वर्तुळ माझ्या ध्यानात आले ते या वर्षी, आईने रागावल्यानंतर.

आई गावी परतली आहे. आम्ही दोघांनी असे ठरवले की दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला तिने तिकडे आणि मी इकडे एकेक गीत लावावयाचे, क्रमाने, आणि पुढचे त्या आठवड्यात लावावयाचे नाही. माझी कार्यालयाची वेळ त्यामुळे थोडी ओढाताणीची होते. सध्या राम अजून अयोध्येतच आहे.