कावसजीचे नाक आणि स्तनाची पुनर्रचना

१/ कर्करोगामुळे स्तन काढल्यावर पाठीचा स्नायू त्वचेसह पुढे वळवून नवा स्तन घडवता येतो. वळवताना त्याची रक्तवाहिनी तुटू द्यायची नाही, हे या शस्त्रक्रियेचे मर्म. सोळाव्या शतकात इटलीत ताल्याकोत्सीने दंडाच्या त्वचेवर हे साधले होते; पुढे ते विस्मृतीत गेले. युरोपला त्याची नव्याने ओळख झाली ती पुण्याजवळच्या एका वीटकऱ्यामुळे.

२/ तिसरे म्हैसूर युद्ध. तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौज घेऊन टिपूवर चालून गेले, सोबत मुंबईची इंग्रजी पलटण. (तासगाव पुढे सातारा जिल्ह्यात गेले; १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये तोच सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला.) इंग्रजांच्या सैन्यात कावसजी नावाचा मराठा शेतकरी बैल हाकत असे. तो टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला.

३/ वर्षभराने त्या वीटकऱ्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने बेतला, तो कपाळावर पसरून आखणी केली आणि तेवढी त्वचा सोडवली. मात्र दोन्ही डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी राखली. रक्त तिच्यातूनच वाहणार होते. त्वचा अर्धी पिळून खाली आणली, सांध्यावर ओल्या काताच्या पट्ट्या ठेवल्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस उताणे निजणे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली.

४/ ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने हा वृत्तांत छापला. १८१४ मध्ये लंडनमध्ये कार्प्यूने त्याच रीतीने नाक घडवले.

५/ बरोबर शंभर वर्षांनी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. त्याच वर्षी अमेरिकेत हॉलस्टेडने स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी एकत्र काढण्याच्या पद्धतीचे पन्नास रुग्ण प्रसिद्ध केले. जखम त्वचा वळवून झाकणे त्याला नापसंत होते. उलटलेला रोग आत दडून राहील, ही भीती. भीती निराधार नव्हती. तरीही पुरुषाच्या नाकाला जी निकड लाभली, ती स्त्रीच्या छातीला फार उशिरा लाभली. १९०६ मध्ये इटलीच्या तान्सिनीने पाठीचा स्नायू पुढे आणून दाखवला. जगाने तो १९७० च्या दशकात पुन्हा शोधला.

६/ आज अशा रुग्णेच्या पहिल्या रात्री परिचारिका त्या त्वचेचा रंग आणि ऊब वारंवार तपासते: वीटकऱ्याच्या पट्टीचीच ही काळजी. पाठीत साचणारे पाणी नळीने काढतात. खांदा काही आठवड्यांत हळूहळू वर जाऊ लागतो. कावसजीची पट्टी अखेर कापावी लागली. इथे रक्तवाहिनी काखेखालून तशीच राहते, कायमची. स्पर्शाची जाणीव मात्र बहुधा पूर्वीसारखी परतत नाही.