धागा : नऊ केसांचा दोर आणि गरिबांपासून राखलेले पुस्तक

१/ इ. स. १४९६. लंडनलगतच्या वेस्टमिन्स्टरमध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने ससाणे, शिकार आणि कुलचिन्हे यांवरील एका ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. १४८६ च्या मूळ आवृत्तीत नसलेले एक प्रकरण तीत होते : गळाने मासे धरण्याची विद्या. या विषयावरचे इंग्रजीतील हे पहिले मुद्रित लेखन.

२/ परंपरेने ते ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर घातले. परंतु तिच्या कर्तृत्वाचा समकालीन पुरावा जवळजवळ नाही. त्यामुळे लेखकाला अनामिक मानणेच अधिक रास्त.

३/ यातील दोर घोड्याच्या शेपटीच्या पांढऱ्या केसांचा. किती केस एकत्र वळायचे, हे मासा ठरवी. इवल्याशा मिनोला १, ट्राउटला ९, थोराड ट्राउटला १२, सामनला १५. दोर जाड झाला तर मासा बिचकतो, बारीक राहिला तर तुटतो. सारे कौशल्य या दोहोंच्या मध्ये होते.

४/ दोर रंगवायचा तोही पाणी पाहून. उन्हाळ्यातील नितळ पाण्यासाठी हिरवा, शरदात पाणवनस्पती पिवळ्या पडल्या की पिवळा, काळ्या संथ पाण्यासाठी तपकिरी. हिवाळ्यात नदी असो वा तळे, तांबूस करडा.

५/ गळ घरीच घडवायचा. सुई कोळशावर लाल करायची, निवल्यावर सुरीने उलटा काटा उचलायचा, टोकाला धार लावायची. वाकवण्यापूर्वी ती पुन्हा तापवायची, नाहीतर मोडते. शेवटी तापवून पाण्यात बुडवायची, म्हणजे पोलादाला पाणी चढते.

६/ दोर तरंगता ठेवायचा असेल तर बुचाला भोक पाडून त्यात पिसाची नळी बसवायची. शिशाचे वजन गळापासून निदान फूटभर दूर असावे. वजन इतके नेमके हवे की माशाने किंचित ओढ घेताच बूच पाण्याखाली जावे.

७/ आमिषे ऋतुमानाप्रमाणे बदलत : गांडूळ, बारीक मासा, अळ्या. ट्राउट पाण्यावर उसळू लागला की लोकर आणि पिसे यांची बनावट माशी. अशा १२ माश्यांची कृती ग्रंथात आहे. सर्वांत मार्मिक सल्ला मात्र वेगळाच. मोठा मासा हाती लागताच त्याचे पोट फाडून पाहावे. आत जे सापडेल तेच उत्तम आमिष.

८/ तळ्याविषयी लेखक उदासीन आहे. तळे म्हणजे माशांचा तुरुंग. तेथील मासे कैद्यांसारखे उपाशी असतात, म्हणून त्यांना धरण्यात फारसे कसब नाही, असे त्याचे मत.

९/ दख्खनमध्ये हा विषय याहून साडेतीन शतके आधी ग्रंथात आला होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त (सुमारे ११३१) मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे ही विद्या राजाच्या करमणुकीची होती.

१०/ इंग्रजी ग्रंथालाही वाचक निवडूनच हवे होते. गरिबाच्या खाजगी पाण्यात त्याच्या परवानगीवाचून गळ टाकू नये, कुंपणे मोडू नयेत, फाटके लावून घ्यावीत, गरजेपुरतेच मासे धरावेत, असे तो बजावतो. तरीही समारोपात कारण स्पष्ट दिले आहे : हे प्रकरण सुटी पुस्तिका म्हणून छापले असते तर चार पैशांत कोणत्याही रिकामटेकड्याच्या हाती पडले असते आणि माशांचा नाश झाला असता. म्हणून ते सरदार-घरंदाजांसाठीच्या जाड ग्रंथात घातले.

११/ गरिबाच्या तळ्याची काळजी वाहणाऱ्या पुस्तकाला गरीब वाचक नको होता. माशांचे रक्षण आणि ज्ञानाची मक्तेदारी एकाच वाक्यात नांदत होती.

१२/ ही तटबंदी चार दशकेही टिकली नाही. १५३० च्या दशकाच्या आरंभी हेच प्रकरण सुट्या छोट्या पुस्तिकेच्या रूपाने बाहेर पडले. मुद्रक होता तोच, विंकिन द वर्ड.